चोरीला गेलेल्या शेपट्या

१

रविवारी सकाळी कमलबाईंनी कपाट उघडलं आणि आमच्या वर्गाची वाट लागली.

कुलूप शाबूत होतं. आत लाकडी फळ्या एकावर एक नीट रचलेल्या होत्या. गिव्ह, टेक, पुट, लुक, रन, ब्रेक, सगळी क्रियापदं जागच्या जागी. त्यांच्या शेजारी असायची ती पितळी परात मात्र नव्हती, आणि परातीबरोबर सगळ्या शेपट्या गेल्या होत्या.

शेपट्या म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजी क्रियापद एकटं असतं तेव्हा सज्जन असतं. गिव्ह म्हणजे देणे, झालं. पण त्याच्या मागे एखादा चिमुकला शब्द येऊन उभा राहिला की त्याचा स्वभावच फिरतो. 'अप' लावा, हार मानणे. 'इन' लावा, नमतं घेणे. 'अवे' लावा, वाटून टाकणे. कमलबाई पहिल्याच तासाला सांगतात, "क्रियापद म्हणजे नवरा. रुबाब त्याचा. पण घरात अर्थ काय निघायचा ते मागे उभी असलेली ठरवते." मग घाबरलेल्या चेहऱ्यांकडे बघून म्हणतात, "अरे, आपल्याकडे नाही का? बोलून टाकलं, बोलून घेतलं, बोलून बसला. बोलणं एकच, पण बोलून बसलेल्याचं काय होतं ते माहीत आहे ना?"

हे शिकवायला त्यांनी स्वतःची एक तऱ्हा काढली होती. फळीवर क्रियापद रंगवलेलं आणि पुढे एक खिळा. त्या खिळ्यावर टांगायला हाताने शिवलेले, नाडीचे छोटे बटवे. प्रत्येक बटव्यावर रेशमी दोऱ्यानं एकेक शब्द भरलेला: अप, ऑफ, आउट, इन, ओव्हर. विद्यार्थ्यानं पुढे यायचं, बटवा टांगायचा आणि वाक्य करायचं. ह्या बटव्यांना आम्ही सगळे शेपट्या म्हणायचो.

बटव्यांचं कापड विकतचं नव्हतं. वर्गातल्या कुणाला नोकरी लागली की तो किंवा ती बाईंसाठी खण घेऊन यायची. विधवेला खण देत नाहीत असं आमच्या सोसायटीत कुणीतरी कुजबुजलं होतं. पोरांनी ऐकलं नाही आणि बाईंनीही पोरांना थांबवलं नाही. प्रत्येक खणाचा एक बटवा झाला. त्या परातीत एका शिक्षिकेची सगळी कमाई होती.

"तावडे," कमलबाई खुर्चीत बसत मला म्हणाल्या, "तुम्ही विमा कंपनीत हेच करायचात ना?"

हेच करायचो. मी, सुबोध तावडे, विमा कंपनीचा निवृत्त सर्व्हेयर. कुठे आग लागली, कुठे चोरी झाली, की खरं किती आणि रचलेलं किती ते बघायला मला पाठवायचे. आयुष्यभर इंग्रजीत अहवाल लिहिले, पण वाक्यं सगळी जुन्या फायलींतून उचललेली. म्हणून निवृत्तीनंतर कमलबाईंच्या वर्गात बसलो. चकाल्याच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हा वर्ग भरतो, आणि सोसायटीतला असा विद्यार्थी मी एकटाच. बाकीचे मरोळ, साकीनाका, घाटकोपरहून येतात.

तीच तर अडचण होती. पुढच्या रविवारी सोसायटीची सभा होती. सेक्रेटरी काशीराम परब ठराव मांडणार होते, की हॉल सभासदांसाठी आहे, बाहेरच्यांचा वर्ग बंद करावा आणि तिथे जिम काढावी. मतदानापूर्वी सभासदांसमोर एक धडा घेऊन दाखवायची परवानगी तेवढी बाईंनी मिळवली होती.

"बाई, नवीन शिवू," मी म्हटलं. "कापड काय, पार्ल्याच्या बाजारात कितीही मिळेल."

"कापड मिळेल हो. माणसं कुठून आणू?" त्यांनी रिकाम्या कप्प्यावरून हात फिरवला. "त्यांच्याशिवाय मी सभेसमोर उभी राहणार नाही, तावडे. घेऊ देत हॉल."

मी हॉलभर शोधलं. मागच्या मोरीत, सोसायटीच्या तपेल्यांशेजारी, परात सापडली. रिकामी होती. चिंचेनं घासून लखलखीत केलेली, पुसून भिंतीला पालथी टेकवलेली. काठाच्या दुमडीत दोन तीळ अडकले होते.

आयुष्यात मी खूप चोऱ्या बघितल्या. भांडी घासून जाणारा चोर मात्र पहिल्यांदाच बघत होतो.

२

तिळांचं कोडं लगेच सुटलं. शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, दरवर्षी असतं तसं. सोसायटीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या. कार्यक्रमानंतर त्यांनी हॉल झाडला, भांडी घासली, आणि रिकामी परात दिसली म्हणून तीही घासली असणार. म्हणजे चोरी त्याआधीची. दुपारी चारला आमचा वर्ग सुटला होता, पाचला हळदीकुंकू सुरू झालं होतं. त्या मधल्या वेळात कुणीतरी हात मारला होता.

कमलबाई शनिवारी वर्ग पोरांवर सोपवून लवकरच मुलुंडला बहिणीकडे गेल्या होत्या. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या दरवर्षी जातात. का जातात ते कुणी विचारत नाही.

मी आधी काशीराम परबांकडे गेलो. हॉलची चावी त्यांची आणि जिमचं स्वप्नही त्यांचंच.

"तावडे, माझ्यावर संशय?" परब सोफ्यावर सरसावून बसले. "अरे, मी चोरी कशाला करू? सभासदांची मतं माझ्याकडे आहेत. बाईंनी धडा घेतला काय, न घेतला काय. उलट त्यांनी घ्यावा, म्हणजे कुणी म्हणायला नको की परबनं संधी दिली नाही." ते जरा खाली बघत पुढे म्हणाले, "बाई चांगल्या आहेत रे. पण सोसायटीतल्या किती जणांना उपयोग, सांग ना? तू एकटा. तुझ्या एकट्यासाठी हॉल अडवायचा?"

प्रश्न रास्त होता. आणि खोटं बोलणारा माणूस असा न विचारता कौतुक करत नाही, हा माझा अनुभव आहे.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी जानकीवहिनी चहा घेऊन आल्या. हळदीकुंकू त्यांनीच घडवून आणलं होतं, आणि त्याचा शीण अजून चेहऱ्यावर होता. मागून नवी सून ऋतिका बिस्किटांची बशी घेऊन आली. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. घरात ती पाय न वाजवता चालायची.

"वहिनी, शनिवारी हॉलमध्ये कुणी परकं दिसलं?"

"माका काय म्हायत, भावजी! मी दारात बसान हळदकुंकू लावत होतंय. मान वर करूक वेळ नाय." मग त्यांना खरं दुःख आठवलं. "ह्या बायकांका बोलवन बोलवन दमलंय आणि आल्या कमी. स्टीलची गाळणी आणली होती वाण म्हणून, चांगली जाड जाळीची. खोकाभर उरली. पुढल्या वर्षी मी काय करूचंय नाय."

"पण आई, ग्रुपवर सगळ्यांनी..." ऋतिका बोलायला गेली आणि सासूनं वर बघताच थांबली.

"होय, ग्रुपवर फुलं धाडल्यानी. 'वाण फार आवडलं, किती सुंदर, किती हौशीनं आणलंत.' कौतुक करूक ह्यो मोबाईल बरो."

गाळणीचं एवढं कौतुक मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण तेव्हा माझं लक्ष चोराकडे होतं. मी चहा प्यायलो, उठलो, आणि परबांनी माझ्यासमोरच ग्रुपवर सूचना टाकली: 'वर्गाचे शैक्षणिक साहित्य हरवले आहे. आढळल्यास कार्यालयात जमा करावे.'

खाली वॉचमन उभा होता. तो म्हणाला, "साहेब, शनिवारी साडेचारला विकीभाई आले होते. हातात मोठी बॅग होती."

३

विकी हा कमलबाईंचा जुना विद्यार्थी. आता अंधेरी स्टेशनजवळ त्याचा स्वतःचा वर्ग आहे. बाहेर पाटी आहे, 'फाडफाड इंग्लिश', आणि पाटीवर कोट घातलेला विकी हाताची घडी घालून उभा आहे. प्रत्यक्षातला विकी टी-शर्टमध्ये पंख्याखाली बसून वडापाव खात होता.

"तावडेकाका, या ना! बसा. काय घेणार?"

"शेपट्या," मी म्हटलं. "कुठे आहेत?"

मी तपासात असा एकदम घाव घालतो. निर्दोष माणूस गोंधळतो आणि चोर तयार उत्तर देतो. विकी गोंधळला. मग मी काय झालं ते सांगितलं आणि त्यानं वडापाव खाली ठेवला.

"सगळ्या गेल्या? 'अप' पण?"

"सगळ्या."

"अरे यार." तो उठून खिडकीपाशी गेला. "काका, ती 'अप' माझी होती. पहिली नोकरी लागली, कुरियर कंपनीत फोनवर. आईनं जांभळा खण दिला होता, म्हणाली बाईंना दे. बाईंनी दुसऱ्याच दिवशी शिवून आणला."

"शनिवारी बॅग घेऊन सोसायटीत कशाला आला होतास?"

त्यानं कोपऱ्यातली बॅग उघडून माझ्यासमोर ओतली. त्याच्या वर्गाच्या जाहिरातींचे गठ्ठे होते. "ह्या वाटत फिरत होतो. मग वाटलं, बाईंना भेटावं. त्या नव्हत्या घरी. तसाच परत आलो."

"भेटायचं कशाला होतं?"

विकीनं दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "काका, कुणाला सांगू नका. माझ्या वर्गात पोरं टेन्स शिकतात, गुड मॉर्निंग शिकतात. 'लुक' च्या मागे 'आफ्टर' आला, 'डाउन' आला, 'अप टू' आला की पोरं गारठतात, आणि खरं सांगायचं तर मी पण. बाईंना विनवायला आलो होतो, आठवड्यातून एक दिवस माझ्याकडे शिकवा ना. शेपट्या घेऊन मी काय लोणचं घालू? त्या चालवणारा हात पाहिजे ना."

हे पटलं. चोर तेच चोरतो जे त्याच्या उपयोगाचं असतं, आणि हे बटवे कमलबाईंशिवाय कुणाच्याच उपयोगाचे नव्हते. निदान मला तसं वाटत होतं.

"पण काका," मी निघताना तो म्हणाला, "मी आलो तेव्हा दर्शना हॉलच्या पायरीवर बसून रडत होती. मला बघितलं आणि उठून गेली."

दर्शना, आमच्याच वर्गातली. शनिवारी कपाटाची किल्ली तिच्याकडेच होती. तिनंच ती चारनंतर माझ्या घरी आणून दिली होती, आणि तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलंही नव्हतं.

४

दर्शना घाटकोपरहून मेट्रोनं येते. मी तिला चकाल्याच्या मेट्रो स्टेशनखाली गाठलं. शेजारच्या टपरीवर दोन कटिंग सांगितले. तिनं ग्लास हातात धरला आणि तसाच ठेवला.

"काका, मला माहितीये तुम्ही का आलात."

"मग सांग."

"माझी जुहूच्या हॉटेलातली नोकरी गेली. रिसेप्शनवरची. मागच्या आठवड्यात." ती भराभरा बोलायला लागली. "त्या नोकरीचा खण दिला होता ना मी बाईंना. हिरवा. त्याचा 'ऑफ' केला होता त्यांनी. शनिवारी मी म्हटलं, बाई, माझी शेपटी काढून टाका, आता ती खोटी आहे. तर म्हणाल्या, मी काढणार नाही. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, तू थोडीच गेलीस. आणि त्या मुलुंडला निघून गेल्या. मला एवढं रडू आलं ना."

"मग तू काय केलंस?"

"आवरायचं माझ्याकडे होतं. मी फळ्या कपाटात रचल्या, कुलूप लावलं, पायरीवर बसून रडले, मग तुम्हाला किल्ली दिली."

"आणि परात?"

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. टपरीवाल्यानं आम्हा दोघांकडे बघून रॉकेलचा स्टोव्ह बारीक केला.  मी माझ्या ग्लासातला चहा संपवला.

"परात मी टेबलावर ठेवली होती," ती शेवटी म्हणाली. "आधी फळ्या आत ठेवू आणि मग परात, असं. पण काका, ती आत ठेवल्याचं मला आठवतच नाही. खूप आठवून बघितलं. मी ती ठेवलीच नाही बहुतेक. कुलूप लावलं आणि परात टेबलावरच राहिली." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाईंना सांगू नका ना. त्यांना वाटेल मी मुद्दाम केलं."

मी तिला चहा प्यायला लावला आणि मेट्रोत बसवून दिलं. मुलगी खरं बोलत होती. बंद कपाटातून काही चोरीला गेलंच नव्हतं. परात उघड्यावर होती. हॉलच्या टेबलावर, बटव्यांनी भरलेली, हळदीकुंकवाच्या ऐन तोंडावर.

आता चोर कुणीही असू शकत होता. त्या संध्याकाळी हॉलमध्ये सोसायटीतली प्रत्येक बाई आली होती. एवढ्यांतून एकीला कशी शोधायची?

५

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सभा होती आणि माझ्या हाती काही नव्हतं. कमलबाईंनी फळ्या घरी नेऊन कापडात बांधून ठेवल्याचं कळलं. मी सकाळी स्वयंपाकघरात येऊन बसलो तो तोंड पाडूनच.

इथे माझा एक नियम सांगायला हवा. तपासातली गोष्ट मी घरी बोलत नाही. नोकरीत असताना शपथ घेतल्यासारखा पाळला, आणि निवृत्तीनंतरही. ग्रुपवरची सूचना वाचून बायकोनं, इरावतीनं, आठवडाभरात दोनदा विचारलं होतं, "काय हो हरवलंय?" दोन्ही वेळा मी म्हणालो होतो, "तपास चालू आहे, बोलता येणार नाही." तिनं नाक मुरडलं होतं आणि विषय सोडला होता.

तिनं चहा समोर ठेवला. मी घोट घेतला आणि तोंडात चोथा आला.

"अगं, हे काय! भुकटी सगळी तोंडात येतेय."

"जाळी फाटलीये गाळणीची. चार महिने सांगतेय, नवी आणा."

"पण तुला नवी मिळाली ना परवा? हळदीकुंकवाला?"

इरावती माझ्याकडे बघतच राहिली. "कुठली गाळणी?"

मी कप खाली ठेवला.

"वाण म्हणून तुला काय मिळालं, इरा?"

"गाळणी कशाला देतील? ह्या वर्षी जानकीवहिनींनी इतकं सुंदर दिलंय. मी तर ग्रुपवर फुलं पाठवली." ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. "हे बघा. कानातली ठेवलीत मी त्यात. किती बारीक शिवण आहे! वर इंग्रजी काहीतरी लिहिलंय, पण हल्ली कशावर नसतं?"

तिच्या तळहातावर मोरपंखी खणाचा बटवा होता. त्यावर पिवळ्या दोऱ्यानं भरलं होतं: आउट.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात तो हा. आठवडाभर मी अंधेरी पालथी घातली, आणि चोरीचा माल माझ्याच कपाटात, माझ्याच बायकोच्या कुड्या पोटात घेऊन बसला होता.

पुढचं सगळं एका दमात जुळलं. बायका कमी आल्या नव्हत्या, तरी गाळणी उरली होती. म्हणजे बऱ्याच जणींना वाण म्हणून दुसरंच काही मिळालं होतं. ग्रुपवरची फुलं गाळणीसाठी नव्हती. परात कुणी पळवली नव्हती. ती वाटून वाटून रिकामी झाली होती, आणि रिकामी झालेली परात बायका घासूनच ठेवतात. 'शैक्षणिक साहित्य' वाचून एकीलाही आपला बटवा आठवण्याचं कारण नव्हतं. चोर नव्हताच. होती ती एक वाण वाटणारी.

"इरा, बटवा तुझ्या हातात कुणी दिला?"

"परबांच्या सुनेनं. मागच्या दाराशी टेबल होतं ना, तिथे ती उभी होती. बिचारी, किती मनापासून देत होती."

६

परबांच्या घरी मी आणि इरावती दोघं गेलो. परब बाहेर होते, ते एका अर्थी बरंच झालं. मी बटवा टीपॉयवर ठेवला. जानकीवहिनींनी तो उलटसुलट करून बघितला.

"ह्यो काय?"

"ह्या वर्षीचं तुमचं वाण," मी म्हटलं.

ऋतिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "आई, तुम्ही म्हणालात, टेबलावरचं वाण दे. टेबलावर परात होती. बटवे होते. मला वाटलं तेच. ते संपले तेव्हा खाली वाकून बघितलं तर खोका दिसला, मग उशिरा आलेल्यांना त्यातली गाळणी दिली. मला वाटलं दोन तऱ्हेचं वाण असेल. विचारायचं होतं, पण..." 

मी सगळी हकिकत सांगितली. फळ्या, खण, नोकऱ्या, उद्याची सभा. जानकीवहिनी ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मला वाटलं, आता सुनेवर वीज पडणार. नव्या सुनेला अशी चूक जन्मभर ऐकवली जाते, हे मी घरोघरी बघितलंय.

"खोको मीच टेबलाखाली सारलेलो," त्या शेवटी म्हणाल्या. "वर चादर घातली आणि हिका सांगितलं, टेबलावरचा दी. टेबलावर काय असा ता मी बघूकच नाय. चूक माझी." त्या ऋतिकाकडे वळल्या. "आणि तू विचारूक इतकी भितंस? माका?"

ऋतिकानं मान खाली घातली. तेच उत्तर होतं, आणि ते वहिनींना लागलं.

"चला, आता सगळ्यांकडून बटवे गोळा करू," मी म्हटलं. "संध्याकाळपर्यंत होईल."

दोघी बायकांनी एकदमच माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देव्हाऱ्यात चपला घालून शिरलो होतो.

"दिलेला वाण परत मागूचा?" वहिनी म्हणाल्या. "अवो भावजी, असा कोण करता? घेणारीच्या मनाक लागात आणि देणारीक दोष."

"मग बाईंचं काय? उद्या त्यांचा वर्ग जाईल!"

वहिनी बटव्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. त्यांना दोन्ही गोष्टी खऱ्या वाटत होत्या, आणि मलाही. मग इरावतीनं बटवा उचलला, कानातली काढून पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "परत द्यायचं नाही ना? नको देऊ या. पण घेऊन तर जाता येईल?"

७

रविवारी हॉल भरला. परबांनी ठराव वाचला. कमलबाई मागच्या खुर्चीत साध्या पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की फळ्या घेऊन या. त्या माझ्यावर विश्वास ठेवून आल्या होत्या, पण धडा घ्यायला उठायचं त्यांच्या मनात नव्हतं. दर्शना आणि विकी भिंतीला टेकून उभे होते.

"बाई, तुमचा धडा," परब म्हणाले.

कमलबाई उठल्या. "मी धडा घेणार नाही. माझं साहित्य..."

"आसा, आसा! साहित्य आसा," असं म्हणत जानकीवहिनी उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामागे मागचं दार उघडलं.

बायका एकेक करून आत आल्या. ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, हातात एकेक बटवा. कुणी त्यात वेलची भरली होती, कुणी सुटे पैसे, एकीनं नातीचे दुधाचे दात जपून ठेवले होते. सगळं काढून रिकामे करून आणले होते. इरावती पुढे झाली. 'रन' च्या फळीच्या खिळ्यावर तिनं आपला बटवा टांगला आणि घरून माझ्याकडून घोकून घेतलेलं वाक्य म्हणाली, की घरातला चहा संपला. वाक्य बरोबर होतं, हॉलनं टाळ्या वाजवल्या. विकीनं 'अप' बघितला आणि तोंड फिरवून चष्मा पुसत राहिला. दर्शनाचा हिरवा 'ऑफ' तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे होता. त्यांनी तो टांगण्यापूर्वी विचारलं, "हा कुणी दिलेला खण?" दर्शनानं हात वर केला. आजींनी तिला जवळ बोलावलं आणि दोघींनी मिळून तो टांगला.

कमलबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण रडताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मलाही राहवलं नाही, उगाच का खोटं सांगू.

"बाई," जानकीवहिनी म्हणाल्या, आणि ह्या वेळी जपून, शुद्ध बोलायला लागल्या, "वाण परत घेत नाहीत. म्हणून हे परत केलेलं नाही. ह्या वर्षी आम्हाला वाण तुमच्या हातचं मिळालं. आम्ही तुम्हाला कधी बोलावलं नाही, आणि तुम्ही आम्हा सगळ्यांना देऊन मोकळ्या झालात. मला लाज वाटली."

"वहिनी, हळदकुंकू मी मानत नाही," कमलबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ते मला लावू नका. पण आलात ते फार बरं केलंत. बसा सगळ्या."

बायका बसल्या. परब ठरावाचा कागद हातात धरून तसेच उभे होते. "पण हे बटवे आता कुणाचे?"

"आमचे," त्यांची बायको म्हणाली. "पण राहतले हयसरच, खिळ्यावर. आमचा वाण जंय टांगलेला, थंय आम्ही येतलव. दर शनिवारी. सभासदांका उपयोग नाय म्हणत होतास ना? आता मोजा सभासद."

परबांनी हॉलभर नजर फिरवली. प्रत्येक मजल्यावरचं, जवळजवळ प्रत्येक दारामागचं माणूस पुढ्यात बसलं होतं. ते धूर्त आहेत, पण वाईट नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "जिम गच्चीवर काढू," ते म्हणाले. "हवा पण चांगली असते."

सभा संपली असं कुणी जाहीर केलं नाही, कारण कमलबाईंनी धडा सुरू केला होता. त्या एका फळीकडून दुसरीकडे जात होत्या, बटवे बदलत होत्या, आणि मधेच थांबल्या. ऋतिका दाराशी उभी होती. तिचे हात रिकामे होते.

"तुझा कुठे आहे गं?"

"मला उरलाच नाही," ऋतिका म्हणाली. "सगळे वाटले."

 मग जानकीवहिनी उठून घरी गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक खण होता, डाळिंबी, जरीच्या काठाचा. सगळ्यांसमोर त्यांनी तो कमलबाईंच्या हातांत ठेवला. कमलबाईंनी दोन्ही हातांनी घेतला आणि उजेडात धरून बघितला.

"कुठला शब्द भरू हिच्यासाठी?"

ऋतिकानं सवयीनं सासूकडे बघितलं.

"माका काय बघतस? तुझो तू सांग."

ऋतिकानं श्वास घेतला. "बॅक," ती म्हणाली. "'टॉक' च्या मागे लावायला."

कमलबाईंनी हसू दाबत सगळ्यांना अर्थ सांगितला: मोठ्यांना उलट उत्तर देणं. हॉल खदखदून हसला. सगळ्यांत मोठ्यानं जानकीवहिनी हसल्या, आणि मग सुनेचा हात धरून त्यांनी तिला पुढच्या रांगेत आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.